तेहतीस रुग्णांचा पेपर : मेसोथेलिओमावरचं संशोधन वाचताना काय तपासायचं?

मेसोथेलिओमावरचे चार-पाच शोधनिबंध उघडून बघा. बहुतेकांच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य सापडेल: वॅगनर आणि सहकाऱ्यांनी १९६० साली अ‍ॅस्बेस्टॉसमुळे मेसोथेलिओमा होतो हे सिद्ध केलं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने तिथून उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. मूळ पेपर वाचून लिहिलं असतं, तर 'सिद्ध केलं' हे क्रियापद इतक्या सहज वापरलं गेलं नसतं.

तुमच्यातले बरेच जण पेट, सेट, नेटची तयारी करताय. 'केस सिरीज', 'केस-कंट्रोल', 'रिकॉल बायस' या व्याख्या तुम्हाला पाठ आहेत. आज त्या एका आजारावर लावून बघू. आधी आजार समजून घेऊ, मग दोन पेपर तपासू: एक दक्षिण आफ्रिकेतला, एक मुंबईतल्या घाटकोपरचा. आणि शेवटी बघू की नांदेड-लातूरमध्ये बसून या विषयावर काम करायचं म्हटलं तर कुठला प्रश्न टिकेल आणि कुठला पहिल्याच प्रेझेंटेशनला पडेल.

'प्रकार किती?' हा प्रश्नच अर्धवट आहे

आपली फुप्फुसं, हृदय आणि पोटातले अवयव यांच्याभोवती एक पातळ, गुळगुळीत आवरण असतं. त्या आवरणावरच्या पेशींना मेसोथेलियल पेशी म्हणतात. त्यांचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. हा फुप्फुसाचा कर्करोग नव्हे, फुप्फुसाच्या आवरणाचा आहे. हा फरक रिव्ह्यूमध्ये एकदा जरी घसरला, तरी पुढचे सगळे आकडे चुकतात.

आता प्रकार. काही नोट्समध्ये चार प्रकार दिलेले असतात, काहींत तीन, काहींत सात. कारण साधं आहे: दोन वेगळ्या कसोट्या एकाच यादीत मिसळल्या जातात.

पहिली कसोटी जागेची. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा सर्वांत जास्त आढळतो. त्यानंतर पोटाच्या आवरणाचा. हृदयाच्या आणि वृषणाच्या आवरणाचा फार विरळा.

दुसरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात याची. एपिथेलिऑइड म्हणजे गोलसर, चौकोनी, एकमेकींना धरून बसलेल्या पेशी. सार्कोमॅटॉइड म्हणजे लांबट, चात्यासारख्या पेशी. दोन्ही एकत्र असतील तर बायफेझिक. यात एपिथेलिऑइड सर्वांत जास्त आणि त्यातल्या त्यात बरा. सार्कोमॅटॉइड कमी, पण सर्वांत वाईट.

म्हणजे एका रुग्णाला दोन उत्तरं लागतात: कुठे आहे आणि कसा आहे. 'फुप्फुसावरणाचा, एपिथेलिऑइड' हे पूर्ण उत्तर झालं.

नावंही बदलत गेलीत. जुन्या पुस्तकांत 'बिनाइन फायब्रस मेसोथेलिओमा' भेटतो. त्याला आज सॉलिटरी फायब्रस ट्यूमर म्हणतात आणि तो मेसोथेलिओमा धरलाच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात 'मॅलिग्नंट' हे विशेषणही गळालं, कारण मेसोथेलिओमा म्हटलं की तो घातकच. तेव्हा १९७५ चा पेपर आणि २०२२ चा पेपर एकाच तक्त्यात मांडताना आधी तपासा, दोघं एकाच आजाराबद्दल बोलताहेत ना.

प्रकाराने काय फरक पडतो? एक तक्ता नीट वाचा

'प्रकार महत्त्वाचे आहेत' असं सगळेच लिहितात. किती महत्त्वाचे, ते २०२१ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या चेकमेट-७४३ या चाचणीत दिसतं. ६०५ रुग्ण. एका गटाला निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपी, दुसऱ्याला केमोथेरपी. एकूण मध्यम आयुष्यमान इम्युनोथेरपीत १८.१ महिने, केमोत १४.१. बातम्यांत इतकंच आलं.

प्रकारानुसार मात्र चित्र वेगळं आहे. एपिथेलिऑइड रुग्णांत १८.७ विरुद्ध १६.५ महिने. बाकीच्या प्रकारांत १८.१ विरुद्ध ८.८. आता हे चार आकडे आडवे न वाचता उभे वाचा. इम्युनोथेरपीच्या रकान्यात दोन्ही प्रकार जवळपास सारखेच आहेत: १८.७ आणि १८.१. फरक पडलाय तो केमोच्या रकान्यात. सार्कोमॅटॉइड आणि बायफेझिकमध्ये नवं औषध जास्त चाललं असं नाही. तिथे जुनं औषध फारच कमी चालत होतं. आणि एपिथेलिऑइड गटात जोखमीच्या गुणोत्तराची विश्वासमर्यादा १ ला ओलांडून जाते, म्हणजे त्या टप्प्यावर तिथला फायदा ठामपणे सांगता येत नव्हता. एकाच चाचणीचं 'सगळ्यांना फायदा' हे एक वाचन आणि हे दुसरं. रिव्ह्यूमध्ये तुमच्याकडून दुसरं अपेक्षित आहे.

१९६० चा पेपर : बलस्थान आणि खिंडार

आता वॅगनर. जे. सी. वॅगनर हे जोहान्सबर्गचे पॅथॉलॉजिस्ट, सी. ए. स्लेग्ज हे किंबर्लीत क्षयरोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर आणि पॉल मर्चंड हे छातीचे सर्जन. तिघांचा पेपर ब्रिटिश जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिनमध्ये आला. रुग्ण ३३: पुरुष २२, स्त्रिया ११, वय ३१ ते ६८. एक सोडून सगळ्यांचा केप ब्लू म्हणजे क्रोसिडोलाइट या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संभाव्य संबंध. बहुतेकांचा हा संबंध किंबर्लीच्या पश्चिमेला असलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस डोंगररांगेतला.

सुरुवात झाली ती स्लेग्ज यांच्या निरीक्षणातून. छातीत पाणी झालेले रुग्ण क्षयाचे समजून त्यांच्याकडे येत. किंबर्लीच्या पूर्वेकडून आलेले औषधाने बरे होत. पश्चिमेकडून आलेल्यांपैकी काही होत नसत. क्षयाच्या औषधाला दाद न देणारे रुग्ण एकाच दिशेने का येतात, हा तो प्रश्न. मला विचाराल तर या पेपरमधली सर्वांत मोठी गोष्ट हा प्रश्नच आहे.

बलस्थानं दोन. एक, निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं केलं. त्या काळी आवरणाचा असा स्वतंत्र कर्करोग असतो हेच मानायला अनेक पॅथॉलॉजिस्ट तयार नव्हते. दोन, रुग्णाला फक्त 'काय काम करता' एवढंच विचारलं नाही. जन्म कुठे, बालपण कुठे, हेही विचारलं. त्यामुळे कधीच खाणीत न उतरलेली, फक्त लहानपणी खाणीच्या आसपास राहिलेली माणसं यादीत आली. नुसता व्यवसाय विचारला असता, तर ती 'संबंध नाही' या रकान्यात गेली असती आणि पेपर तिथेच फसला असता.

आता खिंडार. दोन-बाय-दोनचा तक्ता काढा: आजार आहे/नाही, संपर्क आहे/नाही. वॅगनर यांच्याकडे फक्त 'आजार आहे' ही ओळ आहे: ३२ आणि १. दुसरी ओळ कोरी. त्या भागात आजार नसलेल्या किती माणसांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध होता? खाणींच्या मुलखात तो बहुतेकांचा असणार. तुलनेचा गट नाही, लोकसंख्येचा छेद नाही, हवेतल्या तंतूंचं मोजमाप नाही. शिवाय निदान माहीत असताना घेतलेली माहिती, म्हणजे रिकॉल बायसला दार उघडं.

मग पेपर पटतो का? पटतो, आणि तो का पटतो हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आजार अतिशय दुर्मिळ, दक्षिण आफ्रिकेत इतरत्र जवळपास न दिसणारा, आणि एका डोंगररांगेत त्याचा पुंजका. असा पुंजका योगायोगाने पडणं कठीण. पण 'कठीण' आणि 'सिद्ध' यांत अंतर आहे. ते अंतर बरंचसं भरलं १९६५ साली. लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाचे ७६ रुग्ण घेतले आणि सोबत तुलनेचा गट. अ‍ॅस्बेस्टॉसशी कामाचा किंवा घरातला संबंध रुग्णांत ५२.६ टक्के, तुलनेच्या गटात ११.८. घरातला संबंध म्हणजे प्रामुख्याने नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे धुणाऱ्या बायका. उरलेल्यांतही कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे रुग्णांमध्ये ३०.६ टक्के आणि तुलनेच्या गटात ७.६ टक्के. कोरी ओळ भरली गेली.

तेव्हा त्या प्रस्तावनेतल्या वाक्याची दुरुस्ती अशी: १९६० च्या पेपरने संबंध दाखवला, १९६५ च्या अभ्यासाने तो तुलनेने भक्कम केला. एक संदर्भ जास्त लागेल, बाकी काही बिघडत नाही.

निळा, तपकिरी, पांढरा

वॅगनर यांच्या रुग्णांचा संबंध निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी होता. आपल्याकडच्या सिमेंट पत्र्यात असतो तो पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल. मग निष्कर्ष आपल्याला लागू होतो का? रास्त प्रश्न आहे. हॉजसन आणि डार्न्टन यांनी २००० साली अनेक कामगार-गटांचे आकडे एकत्र करून मेसोथेलिओमाच्या जोखमीचं प्रमाण काढलं: पांढरा १, तपकिरी १००, निळा ५००.

हे गुणोत्तर घेऊन काही जण लगेच म्हणतात, 'बघा, पांढरा सुरक्षित आहे.' गुणोत्तरात १ म्हणजे शून्य नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्याच अ‍ॅस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत ठेवलंय. खुद्द वॅगनर यांच्या १९७४ च्या उंदरांवरच्या प्रयोगात क्रायसोटाइलनेही मेसोथेलिओमा झाले होते. तेच वॅगनर उत्तरायुष्यात शुद्ध क्रायसोटाइलला या आजारातून मोकळं करू लागले, आणि त्या काळात ते अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीकडून मानधन घेत होते हे नंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. म्हणून १९६० चा पेपर खोटा ठरत नाही. पण हितसंबंधांची ओळ पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात असते म्हणून ती शेवटी वाचायची, असं करू नका.

घाटकोपरचा पेपर : ४१ भागिले काय?

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर २००५ साली 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ'मध्ये आलेला व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांचा अभ्यास वाचा. घाटकोपरच्या हिंदुस्तान कंपोझिट्स या कारखान्यातले कामगार. २३२ जणांना तपासणीला बोलावलं, १८१ आले, त्यातल्या ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस. म्हणजे २२.६५ टक्के.

हा अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण असं काम आपल्याकडे विरळा. पण वाचताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणजे मेसोथेलिओमा नव्हे. तंतूंमुळे फुप्फुसाला व्रण पडून ते घट्ट होणं म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसिस. त्याला साधारण वर्षानुवर्षांची भरपूर धूळ लागते. मेसोथेलिओमा त्यापेक्षा खूप कमी धुळीतही होऊ शकतो. तुमच्या मेसोथेलिओमाच्या प्रकरणात हा पेपर 'संपर्क होता' याचा पुरावा म्हणून येऊ शकतो, 'आजार होता' याचा म्हणून नाही.

दुसरी, न आलेले ५१. त्यांचं काय? वही काढा. ते सगळे निरोगी धरले तर ४१ भागिले २३२, म्हणजे १७.७ टक्के. सगळे आजारी धरले तर ९२ भागिले २३२, म्हणजे ३९.७ टक्के. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. खालचं टोक धरलं तरी साधारण दर सहा कामगारांमागे एक. अभ्यासाचा मुद्दा या हिशेबाने मोडत नाही, उलट पक्का होतो. चांगली टीका अशी असते: पेपर पाडण्यासाठी नव्हे, त्याचा कुठला भाग भार सोसतो ते बघण्यासाठी.

तिसरी, कामावर असलेल्यांची तपासणी. दम लागून काम सोडलेले, गावी गेलेले, मरण पावलेले त्यात नाहीत. मेसोथेलिओमाच्या बाबतीत ही अडचण फार मोठी, कारण संपर्क आणि आजार यांत सहसा वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त जातात. आजार होईपर्यंत कामगार कारखान्यात नसतोच.

तो कुठे असतो? इथे आपण येतो आपल्या भागाकडे.

नांदेड-लातूरमध्ये प्रश्न कसा मांडायचा?

समजा, अहमदपूर किंवा मुखेडकडचा एक माणूस विशीत मुंबईला गेला, दहा वर्षं ब्रेक लायनरच्या कारखान्यात राबला आणि गावी परत आला. आज तो साठीत आहे. छातीत पाणी झालंय. केसपेपरवर 'व्यवसाय' या शब्दापुढे काय लिहिलं जाईल? शेती. ते खरंही आहे. छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे, कारण बहुतेकदा तोच असतो. पाण्यातलं एडीए वाढलेलं असेल तर संशय बळावतो. पण एडीए काही मेसोथेलिओमांतही वाढू शकतं. नुसत्या पाण्याच्या तपासणीत मेसोथेलिओमा अनेकदा निसटतो. आवरणाचा तुकडा काढून त्यावर कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारख्या चाचण्या कराव्या लागतात. ते झालं नाही, तर सहा महिने एकेटी घेऊन माणूस जातो आणि घरचे म्हणतात, 'टीबीने गेले.'

किंबर्लीत स्लेग्ज यांच्यासमोर हेच रुग्ण होते. दिशा विचारली म्हणून ते सापडले.

हा फक्त शास्त्राचा प्रश्न नाही. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायला सांगितलंय. कागद हक्काचा आहे. पण केसपेपरवर 'शेती' असेल, तर त्या कागदापर्यंत जाणार कोण?

आता संशोधनाचे प्रश्न बघू. जे विषय सहज सुचतात, ते आधी तपासू.

एक: 'नांदेड-लातूरमध्ये मेसोथेलिओमाचं प्रमाण वाढतंय का?' २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ५८ लाख. अ‍ॅस्बेस्टॉसचा संबंध नसतानाही दहा लाखांमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण होतात असं साधारण धरतात. म्हणजे वर्षाला ६ ते १२. आपली लोकसंख्या तरुण, म्हणून त्याहूनही कमी. अपेक्षित ६ असतील तर नुसत्या योगायोगानेही एखाद्या वर्षी २ आणि एखाद्या वर्षी १० दिसू शकतात. तीन वर्षांच्या पीएच.डी.त यातून वाढ दिसणार नाही. त्यात बरेच रुग्ण टीबी म्हणून नोंदले जात असतील, तर तुम्ही निदानाची सोय मोजाल, आजार नाही. लोकसंख्येवर आधारित नोंदणी कशी चालते ते बघायचं असेल तर लातूरहून जवळ असलेल्या बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून आहे. तिच्या अहवालांत सी-४५ हा कोड शोधायला शिका. दहाव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा आजार या कोडखाली आला. त्याआधी त्याला स्वतंत्र कोड नव्हता.

दोन: 'पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना मेसोथेलिओमा होतो का?' १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड माळवदांखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर हलकं छप्पर म्हणजे जीव वाचवणारं छप्पर, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा प्रश्नावलीत 'पत्रा' हा शब्द जपून वापरा. टिनाचा की सिमेंटचा? जनगणनेच्या घरयादीतही छपरासाठी टिन, धातू आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांचा मिळून एकच रकाना आहे, म्हणजे तो आकडा संपर्काचं माप म्हणून निरुपयोगी. शिवाय न फुटलेल्या पत्र्याखाली झोपणं आणि तोच पत्रा ग्राइंडरने कापणं यांत तंतूंच्या हिशेबाने मोठा फरक आहे. प्रश्न छपराचा न ठेवता पत्रा कापणाऱ्या, फोडणाऱ्या माणसाचा ठेवा.

तीन: 'आपल्या बेसाल्टमध्ये झिओलाइट असतात, मग धोका?' तुर्कस्तानातल्या कराइन या गावात मेसोथेलिओमाचा उद्रेक झाल्याचं बारिश आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलं. कारण निघालं एरिओनाइट, एक तंतुमय झिओलाइट. दख्खनचा बेसाल्टही झिओलाइटसाठी प्रसिद्ध, त्यामुळे उडी मारायचा मोह होतो. पण झिओलाइट हे घराण्याचं नाव आहे. पहिल्या गटात आहे ते एरिओनाइट. क्लिनॉप्टिलोलाइट, मॉर्डेनाइट यांसारखे इतर झिओलाइट १९९७ च्या मूल्यमापनात 'वर्गीकरण करता येत नाही' या तिसऱ्या गटात ठेवले गेले. आडनाव सारखं म्हणून गुन्हा सारखा, असं होत नाही. आधी खनिज ओळखा, मग तंतू मोजा, मग आजाराचं नाव घ्या.

मग टिकणारा प्रश्न कुठला? माझ्या मते हा: टीबीचे उपचार पूर्ण करूनही छातीतलं पाणी न हटलेल्या रुग्णांत आयुष्यभराच्या कामाचा आणि राहण्याचा इतिहास नीट घेतला, तर काय हाती लागतं? रुग्ण थोडे चालतील, पण निदान तुकड्यावर पक्कं हवं. तुलनेचा गट हवा: त्याच वयाचे, त्याच तालुक्यांतले, टीबीच्या औषधाने बरे झालेले. इतिहास घेणाऱ्याला निदान माहीत नसावं. एथिक्स कमिटीची परवानगी आणि वैद्यकीय महाविद्यालयातला सहमार्गदर्शक आधी, विषय नंतर.

आणि प्रश्नावलीत 'व्यवसाय' असा एक रकाना ठेवू नका. हे लिहा: जन्म कुठला? पंधराव्या वर्षापर्यंत कुठे राहिलात? त्यानंतर कुठल्या गावी, कुठल्या कारखान्यात, किती वर्षं? घरातलं कुणी धुळीच्या कामावर होतं का? त्यांचे कपडे कोण धुवायचं?

हे प्रश्न आधी आपल्याच गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा. उत्तराला किती वेळ लागतो, कुठली वर्षं आठवत नाहीत, ते टिपून ठेवा. तुमच्या पायलट स्टडीचं पहिलं पान तेच.